आठ कोल्हे

वेंडेल हुडाकबद्दल काही चांगलं सांगायचंच झालं, तर त्याचे दात चांगले होते. बाकी सगळा माणूस कुजका. कोल्ड रनची कोळशाची खाण बंद पडली तेव्हा गावातले निम्मे बाप्ये घरी बसले, प्यायले, रडले. पण बायकोची बोटं दाराच्या फटीत धरून दार आपटणारा हा एकटाच निघाला. रोझलीच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. शिवणयंत्रावर कापड सरकवायचं तर ती तळहाताने ढकलते.

तरी हॅलोविन आला की गावाचे डोळे रोझलीच्या खिडकीकडे लागायचे. यंदा पोरीला काय करते ही बाई? गेल्या साली तिने कोरीला घुबड केलं होतं, जुन्या शर्टांची पिसं कातरून. त्याच्या आधी पुठ्ठ्याच्या खोक्याचं कपडे धुण्याचं मशीन, आणि त्याच्या गोल दारातून बाहेर बघणारं कोरीचं तोंड. कोल्ड रनमध्ये दुकानातला आयता पोशाख घातलेलं पोर दिसलं की लोक आईबापाची कीव करायचे. आणि दोन पोरं एकाच सोंगात समोरासमोर आली, तर त्यांच्या आया नाताळपर्यंत एकमेकींशी बोलायच्या नाहीत. इतकं ते वेड होतं.

म्हणूनच यंदा रोझलीने आठ पोरांना एकच सोंग द्यायचं ठरवलं, तेव्हा आळीत कुजबुज सुरू झाली.

त्याचं कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ते कारण बारवाल्या लोइसने तिला आणून दिलं होतं. एका दुपारी लोइस मागच्या दाराने आली, खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"रोझली, तुझा नवरा काल टेबलावर मूठ आपटून सांगत होता. म्हणे, हॅलोविनला सगळं गाव तोंड झाकून फिरतं, मीही फिरेन. म्हणे, पोरगी उचलीन आणि गाडीत घालून निघून जाईन, कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही."

"प्यायलेला असेल."

"होता ना. पण हे बोलताना नव्हता. त्यानेच मला धडकी भरली."

कोर्टाने वेंडेलला घराच्या आसपास फिरकायचं नाही म्हणून बजावलं होतं. कोर्टाचं काय जातंय! ईस्टरला त्याने कुऱ्हाडीने दार फोडलं होतं, आणि पोलीस आला तो दाराची ढलपी हातात घेऊन 'लाकूड चांगलं आहे' म्हणाला. त्या दिवशी रोझलीच्या दोन फासळ्या मोडल्या. कोरी पलंगाखाली होती. कोरी नेहमीच पलंगाखाली असायची; आई सापडली की बाप पलंगाखाली बघायचा नाही.

आता पोरीला घरात ठेवावी, तर तो पहिल्यांदा घरीच येणार. त्या संध्याकाळी सगळी आळी रस्त्यावर, किंकाळ्यांचा गोंगाट, घरातलं ओरडणं ऐकणार कोण? शेजारी ठेवावी, तर दुसऱ्यांदा शेजारी येणार. गाडी नाही की कुठे लांब जावं. रोझली रात्रभर छताकडे बघत पडली, आणि उजाडता उजाडता तिच्या डोक्यात ते आलं. एक कोल्हा शोधता येतो. एकसारखे आठ असले तर?

मग घरात कारखानाच सुरू झाला. फुगे फुगवायचे, त्यावर वर्तमानपत्राचे कपटे मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, वाळले की फुगा फोडायचा आणि अर्ध्यातून कापायचं. पुठ्ठ्याचे कान, अंड्यांच्या खोक्याचं टोकदार नाक. लष्करी घोंगड्या गंजाच्या रंगात उकळून त्यांचे ढगळ अंगरखे शिवले, ढगळ अशासाठी की खाली थंडीचा जाड कोट घालूनही पोराला हात हलवता यावेत. शेपट्या फरशी पुसायच्या मॉपच्या दोऱ्यांच्या, टोकं पांढरी ठेवलेली. सगळ्यांना सारख्या मापाचे रबरी बूटही तिने चर्चच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून हुडकून आणले. चाळणीतून गाळल्यासारखा एकूण एक फरक तिने काढून टाकला.

तिघी-चौघी आया बक्षिसाचं नाव ऐकून खूश होऊन घोंगड्या देऊन गेल्या. फक्त शेजारची बर्नडीन शिमान्स्की कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. बर्नडीन म्हणजे खाटकाची विधवा, दंड असे की नवऱ्याच्या माघारी अख्खा बोकड एकटी टांगायची. तिची नात टेसी, तिच्याजवळच राहायची. आळीतली सगळी पोरं बर्नडीनला आजीच म्हणत.

"काय गं, आठही कोल्हे? तू आजारी आहेस का?"

"अग्निशमन दलाच्या मिरवणुकीत बक्षीस आहे ना, आजी. कळप असला तर पहिला नंबर नक्की."

"तुला बक्षिसाची हौस कधीपासून?"

"असंच. यंदा वाटलं."

बर्नडीनने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं बाई," ती म्हणाली. "टेसी तर नाचतेय. पण शेपूट नीट शिव तिची, ती कार्टी झाडावर चढते."

रोझलीने मान खाली घालून दोरा ओवला. त्याच वेळी सांगून टाकावं असं तिला वाटलं होतं. पण सांगितलं आणि त्या बायांनी आपापली पोरं काढून घेतली तर? मग उरणार एकच कोल्हा. तिने तोंड मिटलं. आईपण माणसाला असं चोर करतं, आणि चोराला झोपही लागते वर.

पोरांना तिने एक खेळ शिकवला. "कुणीही मोठ्या माणसाने 'कोरी' म्हणून हाक मारली, की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, 'मी!' जो ओरडणार नाही तो कोल्हा नाही." पोरांना ते भारी आवडलं. दोन दिवस स्वयंपाकघरात दुसरं काही ऐकूच येईना. कोरी मात्र ओरडताना आईकडे बघत होती. आठ वर्षांची पोर, पण तिला खेळ आणि खेळ नसलेलं यातला फरक चांगला कळायचा.

हॅलोविनच्या संध्याकाळी अग्निशमन दलाचा भोंगा वाजला, म्हणजे आता दारोदार फिरायला मोकळीक. घरोघरच्या भोपळ्यांत मेणबत्त्या लागल्या. आठही जण रोझलीच्या अंगणात गोळा झाले आणि रोझलीला जरा हायसं वाटलं, कारण तिची तिलाच कोरी ओळखू येईना. एक सोडून प्रत्येकाच्या हातात खाऊ गोळा करायला उशीचा अभ्रा, नेहमीसारखा.

"आई, माझा अभ्रा?" एक कोल्हा म्हणाला.

"अगं हो." ती आत धावली, धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून हाताला लागला तो अभ्रा ओढला आणि तिच्या हातात कोंबला. कोल्हा त्या अभ्र्याकडे बघत क्षणभर तसाच उभा राहिला. मग बाकीच्यांच्या मागे पळाला.

रोझली त्यांच्याबरोबर गेली नाही. ती ज्या कोल्ह्यावर नजर ठेवेल तोच कोरी, हे वेंडेललाही कळलं असतं. ती पायरीवर गोळ्यांचं भांडं घेऊन बसली, येईल त्या भुताला आणि चेटकिणीला मूठभर देत राहिली, आणि प्रत्येक उंच मुखवट्याच्या दातांकडे बघत राहिली. भांडं रिकामं झालं तशी दुसरी पिशवी आणायला झोपायच्या खोलीत गेली.

पलंगावर एक उशी उघडी होती. दुसरीला अभ्रा होता, निळ्या फुलांचा.

तिच्या हातातलं भांडं पडलं. ती निळी फुलं वेंडेलच्या आईने लग्नात भरून दिली होती, दोन अभ्र्यांवर. त्यातल्या एकावर इस्त्रीचा तपकिरी डाग पडला, त्या दिवशी वेंडेलने तीच तापलेली इस्त्री रोझलीच्या दंडाला लावली होती. 'माझ्या आईच्या हाताचं काम आहे ते, रांडे!' त्याला पोरीचा वाढदिवस आठवायचा नाही, पण ती फुलं तो अंधारात ओळखेल. आणि तिने आपल्या हाताने, स्वतःच्या हाताने, ती पोरीच्या हातात दिली होती. बूट सारखे केले, शेपट्या सारख्या केल्या, आणि अभ्रा! कुणाच्या डोक्यात येतो अभ्रा? अभ्रा घेऊन तर सगळेच जातात.

यंत्रावरची कापडाची मोठी कात्री तिने उचलली आणि पळत सुटली.

चर्चच्या चढावर तिला आधी आवाज ऐकू आला. जाड, ओळखीचा. "कोरी!"

"मी! मी! मी!" कोल्ह्यांचा एकच कल्ला.

अजून त्याला सापडली नाही, देवा, अजून नाही. ती कोपऱ्यावर वळली. दिव्याच्या खांबाखाली गोणपाटाचं बुजगावणं उभं होतं, बाह्यांतून पेंढा लोंबत होता, डोक्यावरच्या पोत्याला दोन भोकं. कोल्हे त्याच्याभोवती उड्या मारत 'मी! मी!' करत होते आणि तो एकेकाचा मुखवटा हिसकायला बघत होता. मग त्याची मान खाली झुकली. मुखवटे सोडून तो पोरांच्या हातांकडे बघायला लागला.

"पळा!" रोझली किंचाळली. "पळा रे!"

पोरं फुटली, पण बुजगावण्याने निळी फुलं धरली होती. फुलांच्या टोकाला असलेला कोल्हा खेचला गेला. कोल्ह्याने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याने मुठीने त्या कागदी तोंडावर ठोसा घातला, नाक आत चेपलं. मग पोराचा हात पाठीमागे पिरगाळला आणि कट्ट असा आवाज झाला. त्यानंतर आलेली किंकाळी चढावरच्या सगळ्या ओसऱ्यांवर ऐकू गेली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! काय झकास सोंग!" म्हातारा ग्रेबर आपल्या झुलत्या खुर्चीतून ओरडला. "बघा, बघा, बुजगावण्याने कोल्हा धरला!"

"खरं आहे हे!" रोझली धावता धावता ओरडत होती. "वेंडेल आहे तो! पोरगी पळवतोय! धरा त्याला!"

"शाब्बास रोझली! बक्षीस तुझंच!"

हॅलोविनच्या संध्याकाळी मदतीसाठी ओरडणारीला कोण खरं मानतं! तिच्या डोक्यात सणक गेली. ती त्याच्यावर आदळली आणि कात्री दोन्ही हातांनी त्याच्या मांडीत खुपसली. मूठ येईपर्यंत पातं आत गेलं. वेंडेल गुरासारखा ओरडला, पण पोराचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्याने रोझलीच्या तोंडावर असा काही तडाखा दिला की तिचं नाक फुटल्याचं तिला दुखायच्या आधी ऐकू आलं. ती पडली. तो तिच्या पोटावर बुटाने लाथा घालायला लागला, एका पायाने, कारण दुसऱ्यात कात्री होती.

"किती रक्त काढलंय!" ओसरीवरून एक बाई म्हणाली. "मक्याचा पाक आणि लाल रंग ना गं? मला कृती दे हं."

रोझलीने त्याचा पाय धरला, कात्रीची मूठ धरली आणि पिळली. तो कोसळला तो तिच्या अंगावरच. त्याच्या वजनाखाली तिला त्याच्या तोंडाचा तो जुना वास आला, आंबूस बिअरचा. त्याचे अंगठे तिच्या गळ्यावर आले. "माझ्या आईची फुलं," तो पोत्यातून घरघरला. "माझ्या आईच्या फुलांत गोळ्या गोळा करतेस?" तिला श्वास येईना. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. पोर पळाली तरी पुरे, एवढंच तिच्या मनात होतं. मी सापडले, आता तू पळ.

तेवढ्यात कुणीतरी हंबरडा फोडला. "टेसी! अरे, ही माझी टेसी रडतेय!"

टेसी का? असा प्रश्न त्या काळोखातही रोझलीच्या मनात आला.

बर्नडीनला सोंग बघायचं कारणच नव्हतं. नात खोटं कशी रडते आणि खरं कशी रडते ते तिला झोपेतही कळलं असतं. ती कोळशाचं फावडं घेऊन चढ उतरत आली आणि तिने ते दोन्ही हातांनी, खाटकाच्या बाईने घालावं तसं, वेंडेलच्या डोक्यात घातलं. एकदा. तो अजून हलत होता म्हणून दुसऱ्यांदा. तिसरं उचललं होतं, पण ग्रेबरने येऊन तिचा हात धरला. म्हाताऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. आता कुठे सगळ्यांना समजलं होतं.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी चेपलेला मुखवटा काढला. आत टेसीच होती, ओठ फाटलेला, उजवा हात कोपरातून नको त्या बाजूला वळलेला, आणि डाव्या मुठीत निळ्या फुलांचा अभ्रा अजून घट्ट धरलेला.

वेंडेल जगला. एक डोळा गेला, जीभ जड झाली, आणि तुरुंगात गेला. तिथे सडतो आहे, सडू दे. त्याच्यावर याहून जास्त शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

कोरी सापडली चर्चच्या कुंपणामागे. मुखवटा मांडीवर ठेवून बसली होती, शेजारी बदकं छापलेला अभ्रा, टेसीचा. रोझलीने तिला छातीशी धरलं, तिच्या डोक्यावर स्वतःच्या नाकातलं रक्त सांडत राहिलं. मग तिला ती बदकं दिसली.

"हा तुझ्याकडे कसा?"

"मी बदलला." कोरीचा आवाज अगदी साधा होता. "टेसीला फुलं आवडली. मी म्हटलं, घे."

"तुला ठाऊक होतं? डॅडी फुलांवरून ओळखेल म्हणून?"

"हो."

"मग फेकून द्यायचास! झुडपात टाकायचास! टेसीला कशाला दिलास?" रोझलीचा हात वर गेला होता. तिचा तिलाच तो दिसला, बोटं आवळलेली, खांद्याच्या वर, अगदी वेंडेलसारखा. कोरी हलली नाही, नुसती तिने बदकांचा अभ्रा तोंडापुढे धरला, सवयीने.

"फेकला असता तर त्याने आम्हाला सगळ्यांना शोधलं असतं," अभ्र्यामागून ती म्हणाली. "त्याला कुणीतरी सापडावं लागतं. सापडलं की मग तो थांबतो."

रोझलीचा हात आपोआप खाली आला. रागवायचं कुणावर? पोरीने एक पोर पुढे केलं होतं. तिने स्वतः सात केली होती, खळ लावून, शेपट्या शिवून, त्यांच्या आयांना बक्षिसाच्या थापा मारून. पोर शिकली कुठे ते तिला चांगलं कळलं, आणि ती त्या कुंपणाशी बसून धाय मोकलून रडली.

दुसऱ्या दिवशी नाकाला पट्टी लावून ती बर्नडीनच्या दारात गेली. कोरी तिच्या मागे, तिचा कोट धरून. बर्नडीनने दार उघडलं. आत सोफ्यावर टेसी, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"आजी, मला ठाऊक होतं तो येणार," रोझली म्हणाली. "लोइसने सांगितलं होतं. म्हणून आठ कोल्हे केले. कोरी सापडू नये म्हणून. आणि तो फुलांचा अभ्रा..." तिने मागे वळून कोरीकडे बघितलं नाही. "तो मीच टेसीला दिला."

बर्नडीनने तिच्या कानाखाली वाजवली. अशी की नाकाची पट्टी उडून गेली आणि रक्त पुन्हा हनुवटीपर्यंत आलं.

"गाढवे!" बर्नडीनचा आवाज फाटला. "मला सांगितलं असतंस, तर मी स्वतः टेसीला कोल्हा केलं असतं. कळतंय का? स्वतः केलं असतं! आणि फावडं घेऊन मागे चालले असते. सगळ्या आयांना बरोबर चालवलं असतं. त्याची काय टाप होती? तू विचारलंसुद्धा नाहीस. माझं पोर माझ्या हातातून चोरलंस तू!"

तिचा हात पुन्हा उठला. रोझलीने डोळे मिटले, पण तोंड बाजूला केलं नाही.

तेव्हा तिच्या कोटावरची पकड सुटली. कोरी तिच्या मागून निघून पुढे आली आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"आईने नाही दिला, आजी," ती म्हणाली. "मी दिला. मला मार."

बर्नडीनचा तो एवढा मोठा हात वरच राहिला. पोरीने तोंडापुढे काही धरलं नव्हतं. डोळे मात्र मिटले होते, आणि ती वाट बघत होती.

बऱ्याच वेळाने बर्नडीनने हात खाली घेतला आणि पदराला पुसावा तसा आपल्या ॲप्रनला पुसला.

"आत ये," ती कोरीला म्हणाली. "टेसीला एका हाताने गोळ्यांचे कागद सोडता येत नाहीत. ते आता तू सोडायचे, तिचा हात बरा होईपर्यंत. आणि तुझ्या वाटणीतलं अर्धं तिचं."

"सगळं तिचं," कोरी म्हणाली, आणि आत गेली.

रोझलीने पायरीवर पाय ठेवला तसं बर्नडीनने दार तिच्यासमोर ओढून घेतलं. "तू बाहेर थांब," ती म्हणाली. "माझा राग अजून संपलेला नाही."

रोझली बाहेर थांबली. गाल पेटला होता, नाकातून रक्त टपकत होतं, आणि थंडी चांगलीच होती. खिडकीतून तिला दिसत होतं, कोरी सोफ्यासमोर जमिनीवर बसली होती आणि एकेक कागद सोडून टेसीच्या डाव्या हातात देत होती.